तळ्याकाठचा तेरडा

माझ्या थोरल्या जाऊबाई गावच्या सरपंच. घरातही सरपंच त्याच, हे वेगळं सांगायला नको. यंदा गणपतीआधी त्यांनी तळ्याच्या काठावर तणनाशक मारायचं ठरवलं. काठ पंचायतीचा, विसर्जनाची वाट तिथूनच जाते आणि पावसाळ्यात तिथे गाजर गवत कमरेएवढं माजतं. पण त्याच गवतात तेरडाही उगवतो, आणि आमची गौर तेरड्याची. मुळासकट उपटून आणायची. मुळं म्हणजे तिची पावलं. त्यात जाऊबाईंची सून नवी, खोपोलीहून आलेली. तिची ही सासरची पहिली गौर होती.

मी म्हटलं, “ताई, तेरडा तेवढा ठेवायला सांगा.”

“औषध काय नाव इचारून मारतं गं? गौर बाजारातून आणू.”

माझं डोकंच फिरलं. आपल्या पाणवठ्यावरची गौर सोडून भाजीच्या जुडीसारखी विकत आणायची? शब्दाने शब्द वाढला. शेवटी त्यांनी मुदत दिली. रविवारपर्यंत आम्ही बायकांनी हाताने काठ साफ केला तर ठीक, नाहीतर पंप येणार.

रोज सकाळी आम्ही चार-पाच जणी जायचो. गाजर गवताने खाज सुटते, म्हणून हातांत जुने मोजे. फुलायच्या आत ते मुळापासून उपटायचं, टाकळा विळ्याने कापायचा, तेरड्याला धक्का लावायचा नाही. सूनही यायची. फुलं नसलेला तेरडा तिला ओळखता येईना, म्हणून मी तिला लालसर देठ आणि दातेरी पान दाखवलं. मग ती एकेका रोपाभोवती इतकं जपून काम करायला लागली की मुदत आठवून मी मनातल्या मनात चडफडले.

रविवारी पायऱ्यांजवळचा तुकडा राहिलाच. तेरडा नेमका तिथेच दाट. जाऊबाई आल्या, मागोमाग पाठीवर पंप घेतलेला पंचायतीचा माणूस.

“मुदत संपली. मार रं,” त्या म्हणाल्या.

सून मध्ये उभी राहिली. सासूसमोर ती एरवी मान वर करत नसे.

“आई, गणपतीची वाट करायला त्याच्या आईलाच जाळायचं का?”

पंपवाला थांबला. जाऊबाईंनी पदर खोचला आणि माझ्याकडे विळा मागितला. दुपारपर्यंत तुकडा साफ झाला. पंप भरलेलाच परत गेला.

गौर सुनेनेच आणली. तेरड्याची जुडी घेऊन ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. गौर आणणारीचे पाय धुवायचे असतात, आणि आमच्याकडे ते काम माझं. मी पुढे झाले, तोच जाऊबाईंनी माझ्या हातातला तांब्या घेतला आणि त्या खाली बसल्या. सरपंच झाल्यापासून त्यांना कुणापुढे वाकताना मी पाहिलं नव्हतं.

“ये गं माय, घरात ये,” सुनेच्या पायांवर पाणी घालत त्या म्हणाल्या, आणि मला रडूच आलं.