डावीकडं तू, उजवीकडं बाय

माझ्या दाजींइतका शिस्तीचा माणूस देवानं दुसरा घडवला नसेल, आणि घडवला असलाच तर निदान त्याला बी.कॉम.च्या पहिल्या वर्गात माझ्या शेजारी तरी आणून बसवला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. पंधरा वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून पेन्शनीत आले तेव्हा त्यांचं वय छत्तीस आणि माझं अठरा. मी कराडजवळच्या आमच्या गावातून सांगलीला कॉमर्सला नाव घातलं होतं ते गणिताला भिऊन. कॉमर्सला गणित नसतं असं मला कुणीतरी सांगितलं होतं. तो गृहस्थ मला पुन्हा कधी भेटला नाही, हे त्याचं नशीब. कॉलेज सुरू होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच माझ्या खोलीच्या दारात काळी लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, आणि ट्रंकेच्या शेजारी सावधान उभे दाजी. "पाव्हणं, आमीबी तुमच्याच वर्गात," ते म्हणाले. मेहुण्याची चेष्टा करायचा आमच्याकडं रिवाजच आहे, म्हणून मी मनसोक्त हसलो. ती चेष्टा नव्हती.

झालं होतं असं, की बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती आणि गावोगाव दूध संस्था निघत होत्या. शिराळ्याकडच्या दाजींच्या गावातही निघाली. सचिव कोण, म्हटल्यावर सगळ्या गावानं दाजींकडं बोट दाखवलं, कारण हा माणूस पै इकडची तिकडं करणार नाही याची खात्री त्यांच्या दुश्मनालाही होती. पण वरून अट आली, की सचिव कॉमर्सचं पहिलं वर्ष झालेला आणि हिशेबाचा पेपर पास झालेला हवा. मॅट्रिक दाजी फौजेत जायच्या आधीच झाले होते. चेअरमन वर्षभर खुर्ची राखून ठेवायला तयार झाले. राहिली अक्का. पंधरा वर्षं सुट्टीपुरता नवरा पाहिलेली बाई ती. माणूस कुठं घरी आला तोच पुन्हा ट्रंक भरायला लागला. तिनं भांडण केलं नाही. एवढंच म्हणाली, "एकच वर्स. पास झाला तर बरं, न्हाईतर वह्या माझ्या चुलीत." दाजींनी ते हुकमासारखं ऐकलं आणि मान्य केलं.

दाजी वर्गात आल्यापासून वर्गाची कळाच बदलली. हजेरीला नाव पुकारलं की बाकीचे 'येस सर' म्हणून पुटपुटायचे; दाजी उठून टाचा जुळवून "हाजिर साब!" अशी आरोळी ठोकायचे, की शेजारच्या वर्गातलं शिकवणं बंद पडायचं. आमचे हिशेबाचे सर दाजींपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, अविवाहित आणि मुळातच भिडस्त. आपल्याला कुणी सलाम ठोकतंय हे त्यांना सोसेना. पुढचे पंधरा दिवस ते हजेरीच घेईनात. दाजींना वाटलं, कागदपत्रं हरवली असावीत. त्यांनी स्वतः वर्गाची नावं तक्त्यात आखून सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

शिकलेला नियम लगेच अमलात आणायचा, हा दाजींचा खाक्या. सरांनी सांगितलं, घेणाऱ्याला डेबिट करा, देणाऱ्याला क्रेडिट करा. त्याच दुपारी खानावळीत मावशींनी ताटात भाकरी टाकली आणि दाजी मोठ्यानं म्हणाले, "मी डेबिट, मावशी क्रेडिट." मावशींनी परात तिथंच आदळली. "क्रेडिट-बिडिट हितं चालायचं न्हाई! पैलवान असशील तुझ्या घरी. उधारी बंद म्हणून पाटी लावलीया, वाचता येत न्हाई व्हय?" दाजींनी त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं. तेवढ्यात माझ्या ताटातली आमटी थंड झाली, आणि मावशींनी महिन्याचे पैसे आगाऊ घेतले ते माझ्याकडूनही.

घसाऱ्याच्या तासाला तर कहर झाला. यंत्र जुनं होतं तशी त्याची किंमत दर वर्षाला इतके टक्के उतरवायची, असं सर सांगत होते. दाजी उभे. "साब, म्हशीला घसारा लावायचा का?" सर म्हणाले, लावता येईल, तीही मालमत्ताच. "पर पयल्या वेतापेक्षा दुसऱ्या वेताला म्हस दूध ज्यादा देती. किंमत चढती. मग घसारा उलटा लावायचा?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. फळ्याकडं वळले, उदाहरण पुन्हा तपासून बघितलं आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण परीक्षेत लिहू नका."

आता माझ्या पापाकडं येतो. सर आम्हाला मराठीत लिहू द्यायचे, पण एका गोष्टीवर त्यांचा कटाक्ष होता: खात्याच्या डाव्या बाजूची प्रत्येक नोंद 'टू'नं सुरू झाली पाहिजे आणि उजव्या बाजूची 'बाय'नं. नाही झाली की मार्क कापले. दाजींची डावी-उजवी पक्की होती, पण टू कुठं आणि बाय कुठं याचा गोंधळ काही केल्या सुटेना. एकदा मी वैतागून म्हटलं, "दाजी, सोपं आहे. डावीकडं तू, उजवीकडं बाय." मी आपला चेष्टेनं बोललो. दाजींनी ते वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं, पट्टीनं खाली रेघ ओढली, आणि त्या दिवसापासून सगळी खाती तशीच भरायला लागले. डावीकडं तू, उजवीकडं बाय. एकदासुद्धा चुकले नाहीत. मला तेव्हा फार गंमत वाटली.

दिवाळीच्या सुट्टीत दाजी भरलेली वही घरी नेऊन फळीवर ठेवून आले. सुट्टी संपून आम्ही सांगलीला आलो, त्याला आठवडा झाला असेल. रविवार होता. माधवनगरच्या गिरणीत दाजींचा एक फौजेतला दोस्त दरवान होता, त्याला भेटायला ते गेले होते. मी धोतराएवढी चादर वाळत घालत होतो, तर समोर अक्का. हातात पिशवी, चेहरा उतरलेला. मी म्हटलं, "अगं, एकटीच? घरी सगळं बरं आहे ना?" ती तडक खोलीत आली, सगळीकडं नजर फिरवली, खाटेखाली वाकून बघितलं, आणि पिशवीतून दाजींची वही काढून माझ्यापुढं धरली. "तू सक्का भाऊ हाईस. खरं सांग. ही बाय कोण?"

माझी चौथी शिकलेली अक्का बोटानं एकेक ओळ दाखवत वाचायला लागली. "बाय भाडं, चाळीस. म्हंजे खोली घीऊन दिली तिला. बाय पगार, साठ. बाय फर्निचर, अडीचशे! माझ्या घरात लगीन झाल्यापासनं नवा पाट आला न्हाई, आणि हिला फर्निचर! आणि ह्ये बघ, बाय उचल, दोनशे. उचलबी घेती सटवी! आणि हिकडं काय ल्ह्यलंय? 'तू भांडवल, पाच हजार.' म्हंजे भांडवल मी घालायचं, आणि उडवायचं तिनं!"

मी हसलो. हसायला नको होतं, पण हसलो, खाटेवर पडून हसलो. मग डोळे पुसून बघतो तर अक्का खाली बसून रडत होती. आवाज न करता. "पंधरा वर्सं मनिआर्डरीच्या पावत्या संभाळत बसले रं," ती म्हणाली. "माणूस जित्तं घरी येऊ दे, येवढंच देवाला मागितलं. आलं, तर ह्ये." माझी मलाच लाज वाटली. मी तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरायला उठलो.

तेवढ्यात दाजी आले. उंबऱ्यातच थबकले. मी अडखळत सगळं सांगितलं, माझ्या 'तू-बाय'सकट. दाजी रागावले नाहीत, हसलेही नाहीत. बूट काढून अक्काच्या समोर मांडी घालून बसले, वही तिच्याकडं फिरवली आणि पहिल्या ओळीपासून सांगायला लागले. हे एका दुकानदाराचं रोकडीचं खातं. खरा दुकानदार न्हाई, पुस्तकातला. त्यानं भांडवल आणलं, ते आलं म्हणून डावीकडं. भाडं दिलं, पगार दिला, ते गेलं म्हणून उजवीकडं. अक्का पदरानं नाक पुसत ऐकत होती.

"आलं ते डाव्या अंगाला, गेलं ते उजव्या, ऱ्हायलं ती शिल्लक?"

"व्हय."

"येवढंच?"

"येवढंच."

"मग त्याला कालेज कशाला? मी न्हाणीच्या भितीवर कोळशानं ह्येच मांडत हुते की पंधरा वर्सं!"

आम्ही तिघंही हसलो. अक्कानं आणलेले धपाटे काढले. जाता जाता ती सहज म्हणाली, "पर ती बाय काय मला बरी दिसत न्हाई बगा." झालं! दाजी ताडकन उभे राहिले. "आजपासनं माझ्या वहीत बाय न्हाई. जबान दिली." अक्का म्हणाली, "आवं, मी आपलं चेष्टेनं बोलले." पण दाजींची जबान म्हणजे बंदुकीतून सुटलेली गोळी, ती काय परत येते?

त्या दिवसापासून उजव्या बाजूला नुसती खात्याची नावं. मी विनवण्या केल्या. परीक्षा जवळ आल्यावर सरांनी त्यांना बोलावून सांगितलं, की अहो, तपासणारा कडक असला तर फुकट मार्क जातील. दाजी म्हणाले, "साब, हुकूम तुमचा. पर जबान घरात दिलीया." सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग मी काय बोलणार?"

जूनमध्ये निकाल लागला. मी कसाबसा पास. दाजी दोन मार्कांनी नापास. दोनच मार्क! सर म्हणाले, पेपर बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण 'बाय' असता तर एवढे नक्की निघाले असते.

मी दाजींबरोबर गावी गेलो. दाजींनी सुतळीनं बांधलेला वह्यांचा गठ्ठा नेऊन चुलीपुढं ठेवला. "हुकमापरमानं," म्हणाले, आणि परसात जाऊन उभे राहिले. अक्कानं मला विचारलं, लय अभ्यास केला, मग नापास कसं झालं? दाजींनी मला वाटेतच बजावलं होतं, की तिला यातलं काही सांगायचं नाही. मी सांगितलं. मुळात चूक माझी होती, मी किती दिवस गप्प बसणार?

अक्कानं हातातली फुंकणी खाली ठेवली. मग उठली, गठ्ठा उचलला आणि फळीवर नेऊन ठेवला. परसदारातून हाक मारली. "आवं, ऐकलं का? आक्टूबरला पुन्यांदा बसा. चेअरमनला मी सांगती."

"एकच वर्स म्हणाली हुतीस."

"म्हणाले हुते. आता ह्ये म्हणती. आणि बाय ल्ह्या. वळीनं ल्ह्या. ती बाय म्हंजे मीच हाय असं समजून ल्ह्या, म्हंजे जबानबी मोडायची न्हाई."

दाजी ऑक्टोबरला पास झाले. अठ्ठावन्न मार्क. तीन वर्षांत मला त्या विषयात एवढे कधी पडले नाहीत. पेपरातल्या प्रत्येक बायवर त्यांनी जरा जास्तच जोर दिला असावा, असं मला वाटतं.

दोघंही आता नाहीत. दाजी म्हटलं की मला आठवतो तो पास झाल्यावर सांगलीची खोली कायमची सोडून घरी निघाल्याचा दिवस. ट्रंक पोचवायला मी बरोबर होतो. फौजेत होते तोवर दाजी घरी आले, की उंबऱ्यातच अक्काचा पहिला प्रश्न असायचा: "परत कवा जायाचं?" उत्तर ऐकल्याशिवाय ती पाण्याचा तांब्याही पुढं करायची नाही. त्या दिवशी तिनं दार उघडलं, ट्रंकेचं एक कडं धरलं आणि म्हणाली, "आत या." दाजी सवयीनं थोडा वेळ उंबऱ्यातच थांबले, ती विचारील म्हणून. तिनं विचारलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.