तापीचं पाणी न उचलणारी मडम

ज्या बाईला अख्खं बुऱ्हाणपूर ‘मुकी मडम’ म्हणायचं, तिच्याइतकी फटकळ बाई मी दुसरी पाहिली नाही. नाव पडलं ते तिच्या प्रार्थनेवरून. ती अमेरिकेतल्या क्वेकर पंथाची. त्यांच्यात ना पाद्री, ना घंटा, ना भजन. सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं, हीच पूजा. डोंगरातल्या कोरकूंच्या वस्तीत ती झोपडी बांधून राहायची आणि बाजाराला उतरली की बुधवारा पेठेत आमच्याकडे मुक्काम ठोकायची.

इंग्रज नुकते गेलेले, संस्थानं विलीन होत होती. गोरी कातडी दिसली की लोकांच्या कपाळाला आठी. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तोंडावर विचारलं, “आमच्या लोकांना बाटवायला आलात ना?” मडम भाकरी मोडत म्हणाली, “बाटवायचं असतं तर एवढी गप्प बसले असते का?” सासूबाईंनी तिला आणखी एक कळण्याची भाकर वाढली.

कुणाला काही शिकवायची तिला भारी धास्ती. “आमच्या पंथातले जुने लोक तिकडे सेनेका नावाच्या आदिवासींत राहायला गेले,” ती सांगायची. “तिथं शेती बायका करत. आमच्या शहाण्यांनी नांगर नेला आणि पुरुषांच्या हाती दिला. बायकांना विचारलंच नाही!” म्हणून ही वस्तीत काहीही करण्याआधी बायकांना विचारायची. विहीर कुठं खणायची, तेसुद्धा. आमच्या घरात आम्हाला विचारत ते फक्त भाजी कुठली केलीय एवढंच. मला त्या कोरकू बायकांचा हेवा वाटायचा. हो, वाटायचा!

त्या वस्तीत फुलमा नावाची विधवा होती. नवरा जाताना “शेत फुलमाचं” म्हणाला, ते मडमनं उशाशी बसून ऐकलेलं. त्याचे दिवस होतात न होतात तोच शाहपूरचा एक केळीवाला शेट उगवला. शेत म्हणे नवऱ्यानं त्याला तोंडी बोलीवर देऊन टाकलं होतं. राजघाटावर पंच बसले. प्रमुख माझे सासरे, आबा. रिवाज असा, की ओंजळीत तापीचं पाणी घेऊन बोलायचं. शेटनं पाणी घेतलं आणि मेला पापणी न लववता खोटं बोलला. मग मडमची पाळी आली.

“मी शपथ घेत नाही,” ती म्हणाली. “शपथेवर खरं बोलायचं, तर एरवी काय खोटं बोलते मी?”

घाटावर एकच गलका झाला. “देखा! झूठी आहे म्हणून घाबरतेय!” शेट ओरडला.

मी धावत जाऊन तिचा हात धरला. “अहो, ओंजळभर पाणी ते! फुलमाचं शेत जाईल ना!”

“ठाऊक आहे.” तिनं हात सोडवून घेतला. “पण कोरकूचा नुसता शब्द या घाटावर कुणी कधी ऐकलाय? दर वेळी तापीमाईला का मधे आणायचं?” मग ती फुलमाकडे वळली. “शेत तुझं आहे. तूच सांग. घेऊ पाणी?”

फुलमानं पदर खोचला. “नको बाई. तू बोललीस ना, बस झालं. शेत मी सोडत नाही. ज्याला यायचं त्यानं यावं.”

निकाल शेटच्या बाजूनं लागला. आबांचा मला असा संताप आला, की संध्याकाळी मी त्यांना चहासुद्धा दिला नाही.

पुढं मडमला इथं राहायची परवानगी वाढवून मिळाली नाही. ती मायदेशी गेली, तिथंच वारली. स्टेशनवर मी ढसाढसा रडले होते. पण मला ती आठवते ती फुलमाच्या बांधावर.

त्या निकालानंतर शेटचे गडी नांगर घेऊन डोंगरात निघालेत असं कळलं, तशी मीही गेले. वस्तीतल्या साऱ्या बायका शेतात बसलेल्या, त्यांच्यात मडम. मीही बसले. ना शिवी, ना दगड. नुसत्या गप्प. गडी ओरडले, बैल दामटले. बैल माणसांवर पाय देईनात. उन्हं डोक्यावर आली तेव्हा धापा टाकत आबा आले. आता हे आम्हाला उठवणार, असं वाटून मी पदर खोचला. आबांनी वहाणा काढल्या आणि फुलमाशेजारी मातीत बसले. पंचच बसलेला बघून गड्यांनी बैल वळवले. शेत फुलमाचं राहिलं.

मला राहवेना. “आबा, निकाल तर तुम्हीच दिला होता ना?”

“दिला होता. चुकला,” आबा म्हणाले. “आता गप्प बस सूनबाई, प्रार्थना चालली आहे.”