डंडीत भेटलेला गज्या सरनाईक

डोळा लागतोय, पण पुरता लागत नाही. विश्वास खराडे लेकीच्या सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन पडलाय. खिडकीबाहेर दुपारीच अंधारून आलंय, कारण स्कॉटलंडातल्या या डंडी गावात हिवाळ्यात सूर्य म्हणजे सरकारी बाबू, उशिरा येतो आणि लवकर जातो. स्वयंपाकघरात मृण्मयी कुकर लावतेय. कानात अजून सामन्याचा गलका घुमतोय.

सामना म्हणजे साधा नव्हे. या गावात दोन संघ, एक निळा आणि एक नारिंगी, आणि दोघांची मैदानं एकाच रस्त्यावर, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. विश्वास वडाच्या तालमीचा. त्या तालमीसमोर गल्ली ओलांडली की हौदाची तालीम, आणि त्या दोन तालमींच्या फुटबॉल संघांचं वैर तिथल्या पोरांना बाळगुटीतून पाजतात. बाकीच्या महाराष्ट्राला याचा पत्ता नाही. त्यांना क्रिकेट सोडून दुसरा खेळ आहे हे ऑलिंपिकच्या वर्षी आठवतं, तेही पदक आलं तर.

तरी इथं आल्या आल्या विश्वासनं घोळ घातलाच. मैदानाबाहेर एकजण अर्धे निळे, अर्धे नारिंगी मफलर विकत होता. विश्वासला वाटलं, पाहुण्या माणसानं दोन्ही घरांचा मान ठेवावा. घातला गळ्यात आणि बसला निळ्यांच्या गर्दीत. शेजारच्या म्हातारीनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं कुणी देवळात चपला घालून यावं. ती काहीतरी बोलली आणि मागच्या चार रांगा हसल्या. मृण्मयीनं हसू दाबत सांगितलं, "बाबा, ती विचारतेय, एका आहेरात दोन लग्नं उरकायला आलाय का हा?"

विश्वासला ते लागलं. म्हातारीला ठाऊक नव्हतं, पण तिनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

कारण गज्या. गजानन सरनाईक, हौदाच्या तालमीचा गोलकीपर. विश्वास वडाच्या तालमीचा पुढचा खेळाडू. उभ्या जवानीत दोघं एकमेकांशी धड बोलले नाहीत, नुसते एकमेकांसमोर उभे राहिले. गज्याला गोल मारायचा तर फक्त विश्वासनं, बाकीच्यांनी चेंडू हातात नेऊन दिल्यासारखा. गेल्या पावसाळ्यात गज्या गेला. शोकसभेत ज्यांनी त्याचा एक सामना पाहिला नव्हता ते तासभर बोलले, हार-तुऱ्यांसकट फोटो काढून घेतले. विश्वास मागं खांबाला टेकून उभा होता. त्याला कुणी बोल म्हटलं नाही. शत्रूला कोण बोलावतो?

बोलावलं गज्याच्या पोरीनं. शर्वरी हौदाच्या मुलींच्या संघाची गोलकीपर. विश्वास परदेशी निघायच्या आधी ती सरळ त्याच्या दारात आली. म्हणाली, काका, बाबांना तुमच्याइतकं कुणी बघितलेलं नाही, मला शिकवा. विश्वासनं डंडीहून आल्यावर सांगतो म्हणून वेळ मारून नेली. त्याला कारण आहे. बाप-लेकीची एक खोड त्याला एकट्यालाच ठाऊक आहे. समोरचा चेंडू मारणार, त्याच्या जरा आधी गज्याची डावी टाच उचलायची. वजन उजव्या पायावर जायचं आणि डावीकडं झेपावायला उशीर व्हायचा. पोरीची टाच तशीच उचलते. सांगितलं तर स्वतःच्या तालमीच्या पोरींचा घास काढून घेतल्यासारखं, आणि वडाखाली गद्दार म्हणून नाव. नाही सांगितलं तर पोरगी बापासारखीच आयुष्यभर तिथंच मार खाणार, का ते न कळता.

कुकरची शिट्टी होते. शिट्टी लांबत जाते, लांबत लांबत पंचाची होते.

विश्वास रस्त्यावर आहे. डंडीचाच रस्ता, चढाचा, ओल्या दगडी घरांचा. दोन्ही बाजूंनी माणसं चाललीत, निळी आणि नारिंगी, एकाच घरातून बाहेर पडणारी, आणि कुणी कुणाला धक्का मारत नाही. तो आत शिरायच्या लोखंडी फिरत्या दारातून सरकतो तर पलीकडं हौदाच्या तालमीची ठेंगणी चौकट. उभ्या हयातीत त्यानं ती ओलांडली नव्हती. तो वाकून आत जातो. आत लाल माती, तेलाचा वास, आणि कोपऱ्यातल्या मारुतीसमोर गज्या पायाला पट्टी गुंडाळत बसलाय. अंगात तीच उसवलेली हिरवी जर्सी.

"आलास व्हय," गज्या मान वर न करता म्हणतो. "आणि गळ्यात ते काय? अर्धं कापड ह्यांचं, अर्धं त्यांचं. सर्कशीतनं आलास का मर्दा?"

विश्वास मफलर काढायला जातो तर हात जड झालेत. तो म्हणतो, पाहुणा म्हणून घेतला. गज्या म्हणतो, पाहुणा असलास तर चहा पी आणि जा, खेळायला आला असलास तर एका बाजूला उभा राहा. भिंतीवरची घोरपड हलते, नीट बघितलं तर तो समुद्रपक्षी आहे, आणि भिंत नाहीच, गोलचा आडवा खांब आहे. वर डंडीच्या टे नदीवरचं राखाडी आभाळ, खाली शाहूनगरीची लाल माती. गॅलरीत कुणी नाही. फक्त ती निळी म्हातारी एकटी बसून तिकडची खिमा भरलेली, कचोरीसारखी 'पाय' खातेय.

गज्या विचारतो, तू बरा आहेस का. असं त्यानं जिवंतपणी कधी विचारलं नव्हतं. विश्वास सांगतो, तू गेल्यापासून मैदानावर जाववत नाही. गोलकीपरला शिव्या द्यायला तोंड उघडतो आणि नाव आठवत नाही.

"माझं घ्यायचं," गज्या म्हणतो. "मी कुठं नाही म्हणतोय."

मग तो उठतो, खांबाला हात लावून कपाळाला लावतो, आणि जे विचारायला बहुधा इतक्या लांब आलाय ते विचारतो. "मला एक सांग. सगळ्यांचे अडवले. तुझेच का बसायचे रं?"

गल्लीतल्या पोरांना नाही, प्रशिक्षकाला नाही, बायकोलाही नाही, कुणालाच विश्वासनं हे सांगितलेलं नाही. तो सांगतो. टाच, वजन, उशीर, सगळं. गज्या ऐकत राहतो. मग स्वतःच्या डाव्या पायाकडं बघतो, जसं घरातल्या चोराकडं बघावं. एक अस्सल कोल्हापुरी शिवी देतो, आधी पायाला, मग विश्वासला.

"आणि ही गोष्ट तू तुझ्या तालमीला सांगितली नाहीस?"

"नाही."

"का?"

"सगळेच तुला मारायला लागले असते," विश्वास म्हणतो. "तू वर्षात बाहेर बसला असतास. मग मी कुणासमोर उभा राहिलो असतो? त्या ढेरपोट्यांसमोर?"

गज्या हसायला लागतो. पोट धरून, खांबाला टेकून हसतो. हसता हसता डोळे पुसतो.

"मला वाटायचं, मी भिंत आहे म्हणून टिकलो," तो म्हणतो. "तू टिकवलंस होय, लेका."

"तू होतास म्हणून मी पहाटे उठायचो, गज्या. दुसऱ्या कुणासाठी उठलो नाही."

एवढं बोलून विश्वासला हलकं वाटतं. गज्याच्या पोरीचा विषय त्याला काढावा लागत नाही, गज्याच काढतो. म्हणतो, ती आली होती ना तुझ्याकडं. विश्वास म्हणतो, आली होती, पण वडाखाली लोक काय म्हणतील. गज्या थुंकल्यासारखं करतो. लोकांचं काय सांगतोस, म्हणतो, माझ्या शोकसभेत बघितलीस ना सगळी. मग जवळ येतो. तोंडाला सुपारीचा वास आहे, खराखुरा.

"तिला सांग. आणि तुझ्या पोरींना जाऊन सांग, आता हिला डावीकडनं मारून बघा. त्यांना दुसरी जागा शोधू दे. आपण तेच केलं की."

गज्या विश्वासला खांद्याला धरून गोलात उभा करतो. इतकी वर्षं बाहेरून बघितलंस, म्हणतो, एकदा आतून बघ. आतून गोल केवढा मोठा दिसतो. दोन्ही खांब पार दोन गल्ल्यांच्या टोकांना. विश्वासला पहिल्यांदा कळतं की हा माणूस एवढ्या उघड्यावर एकटा उभा राहायचा, आणि मागून आपण त्याच्या आईबापाचा उद्धार करायचो.

गज्या चेंडू ठेवतो, मागं सरतो. पाऊस भुरभुरतोय की माती उडतेय ते कळत नाही. म्हातारी खाणं थांबवते.

"टाच खाली," गज्या ओरडतो, आणि मारतो.

चेंडू येतो, डावीकडं, खाली. विश्वास दोन्ही पाय मातीत रोवून झेपावतो आणि उजवा तळवा आडवा घालतो.

तो सोफ्यावरून खाली, गालिच्यावर पडलाय. मृण्मयी धावत येते, विचारते, काय झालं, लागलं का. काही नाही म्हणून तो उठून बसतो. खोलीत वरण-भाताचा वास आहे. काचेवर थेंब आहेत. डोळे ओले आहेत, पण दुःखाचे नव्हेत, हे त्याचं त्यालाच समजतं. बराच वेळ तो तसाच बसतो आणि मनातल्या मनात त्या हरामखोराचे आभार मानतो.

मग त्याचं लक्ष हाताकडं जातं. उजवा तळवा लालबुंद झालाय, बोटांच्या मुळांपर्यंत झणझणतोय. मध्ये शिवणीसारखी वाकडी रेघ उठलीय. मृण्मयी म्हणते, टेबलाची कड लागली असेल. असेल. टेबल डावीकडं आहे, पण तो तिच्याशी वाद घालत नाही.

तो फोन मागतो. मृण्मयी म्हणते, तिकडं सगळे जेवून आडवे झाले असतील. तो म्हणतो, गोलकीपरच्या घरात लवकर झोपत नाहीत. उजव्या हातात फोन धरवत नाही, म्हणून डाव्यात घेतो. पलीकडून शर्वरीचा आवाज येतो, कोण म्हणून.

"विश्वासकाका बोलतोय. उभी राहा पोरी," तो म्हणतो. "आणि तुझ्या डाव्या टाचेकडं बघ."