काकूच्या खर्चाचा दावा

१६ जून १९५५. दाव्याची रक्कम एकशे चव्वेचाळीस रुपये. परभणीच्या मुनसफ कोर्टात हजर: मुनसफ, दोन्ही बाजूंचे वकील, आश्रमाचे व्यवस्थापक, मी आणि माझी काकू.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको. पेडगावला चुलते वारले, मूलबाळ नव्हते, म्हणून ती माझ्याकडे आली. चार वर्षे राहिली. मग तिची दृष्टी गेली. दोन खोल्यांत आम्ही सात माणसे, कापसाच्या जिनातल्या कारकुनीचा माझा पगार बासष्ट रुपये. मी तिला निराधारांच्या आश्रमात ठेवले. लोक त्याला मोहताजखानाच म्हणत. अर्जात 'वारस' या शब्दापुढे 'कोणी नाही' असे मीच लिहिले. बेवारस माणसामागे नगरपालिका आश्रमाला महिना नऊ रुपये देत असे.

वर्षभराने पालिकेचे एक सभासद तपासणीला आले. त्यांनी सहज विचारपूस केली आणि काकू कौतुकाने सांगून बसली, "माझा पुतन्या जिनात कारकून हाय. लय सुरेख अक्षर त्याचं." त्या महिन्यापासून पालिकेने तिचे पैसे बंद केले. सोळा महिने वाट पाहून आश्रमाने थकलेल्या पैशांसाठी पालिकेवर दावा लावला. व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितले, "हरलो तर म्हातारीला तुमच्या दारात आणून बसवतो."

घरी बायको म्हणाली, "बसवू द्या. मी माहेरी जाते."

कोर्टात पालिकेच्या वकिलाने मला विचारले, "या बाई तुमच्या कोण?"

"कोणी नाहीत. गावाकडच्या ओळखीच्या."

"या वारल्या तर सुतक किती दिवस धराल?"

चुलतीचे सुतक दहा दिवस, हे दारातल्या शिपायालाही माहीत होते. माणूस नाते नाकारील, पण सुतक नाकारताना अडखळेल, असा वकिलाचा अंदाज होता. काकू चार हातांवर बाकावर बसली होती.

"धरणार नाही."

"एकही दिवस?"

"अंघोळसुद्धा करणार नाही." अंघोळीचे मला कोणी विचारले नव्हते.

मग तिला उभे केले. "आजी, आत्ता बोलला तो माणूस कोण?"

"हा आवाज कधी ऐकला न्हाई, साहेब."

"मग जिनातला कारकून पुतण्या?"

"खोटं सांगितलं. आपलं बी कुनी असावं, असं वाटतं म्हाताऱ्या मानसाला. खरंच असता, तर मी तितं कशाला सडले असते?"

वकील हसले. मुनसफांनी लिहून घेतले.

बाहेर पायरीवर तिचा पाय चुकला, म्हणून मी दंड धरला. माझा हात तिने ओळखला आणि झटकला. "सरक तिकडं. कुनी बघंल."

त्यानंतर मी आश्रमाकडे फिरकलो नाही. कोणी पाहिले तर तिची जागा जाईल, असे मी सांगत असे. खरे म्हणजे मला सुटल्यासारखे वाटत होते.

निकाल ऑगस्टात आश्रमाच्या बाजूने लागला. दाव्याचे एकशे चव्वेचाळीस आणि खर्चाचे साडेएकवीस, असे एकशे साडेपासष्ट रुपये पालिकेने व्यवस्थापकांना दिले. काकू पुढल्या संक्रांतीनंतर वारली. मला ते चौथ्या दिवशी बाजारात कळले. बेवारस प्रेताच्या खर्चाचे चौदा रुपये पालिकेने दिले, तेही व्यवस्थापकांनाच.