चौकीमागचा पाला

मे महिन्यात तुम्ही दोघं आला होतात, तेव्हा पोलादपूरच्या अलीकडे आपल्या ड्रायव्हरने न विचारता गाडी कडेला घेतली. खाली उतरून एक डहाळी मोडली, रस्त्याच्या कडेला पाल्याचा ढीग होता त्यावर ती टाकली आणि हात झटकून पुन्हा गाडीत येऊन बसला. धाकटीने विचारलं, "आजी, इथे कचरा का टाकतात?" तुमच्या आईने मला डोळ्यांनी दटावलं. सुट्टीवर आलेल्या मुलांना असलं काही सांगायचं नाही, असा तिचा नियम. मी गप्प बसले. पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं हा माझा जुना नियम आहे. म्हणून लिहिते. हे दिवसाउजेडी वाचा.

आमच्याकडे वाटेत कुणी अवेळी मेला, अपघाताने किंवा कुणाच्या हातून, तर तिथून जाणारा माणूस त्या जागी हिरवा पाला टाकतो. मेलेल्याला सावली होते, असं म्हणतात. पाला न टाकता पुढे गेलं तर तो मागे लागतो, पार घरापर्यंत येतो. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. असल्या समजुतींवर मुलांकडून निबंध लिहून घेतले आणि त्यांना लाल शाईने 'पुरावा काय?' असं विचारलं. त्यामुळे मी पाला टाकणाऱ्यांतली नव्हते.

तो ढीग आहे तिथे काही वर्षांपूर्वी एक जुनी पोलीस चौकी होती. कौलारू, पुढे लहानसं अंगण, बाजूला अडुळशाचं कुंपण. रस्ता रुंद करताना ती पाडली, आता शोधूनही सापडणार नाही. डोंगरातल्या एका वाडीवरचा माणूस त्याच रस्त्याच्या कामावर डंपर चालवायचा. कामावरचं डिझेल चोरीला गेलं म्हणून संध्याकाळी त्याला त्या चौकीत नेलं. सकाळी तो पुढच्या वळणाखाली, नदीच्या अंगाला, दगडांत मेलेला सापडला. पोलीस म्हणाले, आम्ही त्याला चौकीत आणलंच नव्हतं, दारू पिऊन वळणावरून पडला. चौकीतला कॅमेरा बंद होता, असंही म्हणाले.

त्याच्या बायकोची वकील माझी विद्यार्थिनी. महाडच्या मोहल्ल्यातली मुलगी, वडील आखातात. वर्गात वाद घालून समोरच्याला रडवायची आणि मग त्यालाच आपल्या डब्यातलं द्यायची. ती एके दिवशी शवचिकित्सेचा अहवाल घेऊन माझ्याकडे आली. बरोबर ती बायको. वयाने तुमच्या मावशीएवढी, पदर घट्ट खोचलेला, खुर्ची दिली तरी उंबऱ्यापाशी बसलेली.

"बाई, हा इंग्रजीत आहे," वकील म्हणाली. "तुम्ही हिला सांगा. मी सांगितलं की वकील बोलतेय असं वाटतं. तुम्ही सांगितलं की शाळेतल्या बाई सांगतायत असं वाटेल."

मी वाचून सांगितलं. तळपायांवरचे वळ पडल्याने होत नाहीत, हे सांगताना माझा आवाज नीट राहिला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तो पीत व्हता, मी नाय म्हणत नाय. त्यापायी माज्या हातचा मार पण खाल्लाय त्यानं," ती म्हणाली. "पण त्या दिशी सोमवार व्हता. सोमवारी तो थेंबाला शिवत नाय. मेला तरी शिवायचा नाय."

वकिलीणबाईंनी मग मला कायद्याचं सांगितलं, ते तुम्हीही समजून घ्या, कारण सगळं त्यावर अडलं होतं. पोलिसांच्या ताब्यात माणूस मेला, तर त्याची चौकशी पोलिसांनी करायची नसते, ती न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची. पण तो वळणावर मेला असेल तर तो नुसता अपघात. पोलीसच पंचनामा करणार, पोलीसच फाइल बंद करणार. म्हणजे तो *कसा* मेला हे विचारायच्या आधी तो *कुठे* मेला हे ठरायला हवं होतं.

बायकोलाही तेवढंच हवं होतं, पण तिचं कारण वेगळं होतं. तिने अजून पाला टाकला नव्हता.

"कुठं टाकू?" तिने मलाच विचारलं. "वळनावर टाकला तर त्यांचं खरं झालं. चौकीवर टाकला तर माजं खरं, पन त्यात तरी जागा कंची? घरवालीचा पाला शेवटचा असतो, बाई. तो पडला की मानूस उठून घरी येतो. चुकीच्या जागी पडला तर वाट चुकतो. मग तो कुनाचाच नाय."

लाल शाई मला आठवली, पण काढावीशी वाटली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मी उमरठच्या एसटीने पोलादपूरला निघाले होते. गाडी भरलेली. कोंबड्या, मोबाइलवरची गाणी, कंडक्टरशी सुट्या पैशांवरून भांडण, सगळं नेहमीचं. चौकी जवळ आली तशी गाणी बंद झाली. कुणी बंद करा म्हटलं नव्हतं. ड्रायव्हरने गाडी हळू केली, तिथे थांबा नसताना. आणि गाडीच्या त्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांतून हात बाहेर आले. प्रत्येक हातात पाला. हात उघडले, पाला चौकीच्या फाटकापाशी पडला, हात आत आले. शेजारच्या म्हातारीने मला कोपर मारलं.

"तुज्याकडं नाय काय गो? ही घे, माज्यातली घे."

"मी नाही टाकत," मी म्हटलं.

"नको टाकू. तुज्या घरी जागा असंल तर ने त्याला," ती म्हणाली, आणि अर्धी डहाळी माझ्या मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसली.

मी ती टाकली. पुरावा काय, असं तुम्ही विचाराल. मांडीवरची पानं गार होती, एवढंच सांगते.

चौकीतला हवालदार फाटकापाशी खराटा घेऊन उभा होता. इथलाच माणूस, आमच्याच बोलीचा. तो रोज सकाळी ढीग झाडून नदीकडे टाकायचा आणि दुपारपर्यंत ढीग पुन्हा तेवढाच व्हायचा. वरच्या अधिकाऱ्याने एकदा तिथे पहारा बसवला. पहाऱ्यावरच्या शिपायाने सांगितलं, कुणी आलं नाही, गेलं नाही. ढीग होताच. माझा तर्क सोपा आहे, शिपायानेच डोळे मिटून घेतले असतील किंवा त्यानेही टाकला असेल. पण ढिगात उंबराचा पाला असायचा, आणि तिथे जवळपास उंबर नाही, हे मला राहून राहून आठवतं. वळणावर मात्र, जिथे तो मेला असं पोलीस सांगत होते, तिथे एकही पान नव्हतं. मी मुद्दाम उतरून पाहून आले. नुसता दगड, खाली नदी, आणि इतकी शांतता की बोलावंसं वाटेना.

वकिलीणबाईंनी अर्जावर अर्ज केले. शेवटी चौकशीचा आदेश निघाला आणि न्यायदंडाधिकारी स्वतः जागा पाहायला येणार असं कळलं. बायको म्हणाली, बाई बरोबर हव्यात. म्हणून मी गेले.

थंडीची सकाळ होती. सावित्री नदीवरचं धुकं रस्त्यावर चढलेलं, माणसं कमरेपासून वरचीच दिसत होती. न्यायदंडाधिकारी म्हणजे तरुण बाई, घाटावरच्या, गळ्याला मफलर. त्यांचा लेखनिक, चौकीचे अधिकारी, हवालदार, वकील, बायको आणि मी. आधी सगळे वळणावर गेलो. अधिकाऱ्यांनी बोट दाखवून सांगितलं, इथून पाय घसरला, इथे डोकं आपटलं. बायको माझा हात धरून उभी होती. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग चौकीत आलो. न्यायदंडाधिकारी बाईंनी खोल्या पाहिल्या, चौकीच्या नकाशाशी ताडून पाहिल्या. काहीच नव्हतं. टेबल, कपाट, धूळ. त्या वहाणा आपटत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मागची बाजू?"

"मागे काही नाही मॅडम, गवत आहे," अधिकारी म्हणाले.

"तेच बघू."

हवालदार पुढे झाला, वाट दाखवायला. आम्ही अडुळशाच्या कुंपणाच्या कडेने एकामागे एक चाललो. मी बायकोचा हात धरून त्याच्या मागोमाग होते, म्हणून मला सगळं दिसलं. चालता चालता त्याचा डावा हात कुंपणाकडे गेला. त्याने अडुळशाचा शेंडा खुडला, तिकडे न बघता, आपण फाटकाची कडी लावतो तसा. कोपऱ्यावर पत्र्याची एक न्हाणी होती, कुलूप लावलेली. तिच्या दाराशी येताच त्याने तो शेंडा खाली टाकला आणि पुढे चालू लागला.

मग तो थांबला. आपण काय केलं ते त्याला तेव्हा कळलं.

दाराशी अडुळशाचा ढीग होता. लहान, नीट. खाली वाळलेला, काळा पडलेला, वर वर पिवळा, आणि सगळ्यात वर आत्ताचा हिरवा. फाटकापाशी शंभर झाडांचा पाला पडायचा, कारण गावाला नुसती चौकी माहीत होती. इथे एकाच झाडाचा होता, एकाच हाताने टाकलेला.

माझ्या हातातला बायकोचा हात एकदम गार झाला. आमच्याकडच्या कुणालाच बोलायची गरज नव्हती. घाटावरच्या बाईंना मात्र कळेना.

"हे काय टाकलंत?" त्यांनी विचारलं.

हवालदार ढिगाकडे बघत राहिला.

"त्याला काय विचारता मॅडम," अधिकारी हसून म्हणाले, "खेडवळ माणूस, काहीतरी सवय."

"मी त्यांना विचारतेय. इथे का टाकलंत?"

हवालदाराने टोपी काढली. मला वाटलं तो घाम पुसतोय, पण त्या थंडीत घाम कसला.

"नाय टाकलं तर मागं येतो, मॅडम," तो म्हणाला. "घरापर्यंत येतो. पडवीत बसतो. पोरं जेवत नायत."

"कोण येतो?"

त्याने बायकोकडे पाहिलं. पहिल्यांदाच. मग न्हाणीच्या दाराकडे पाहिलं.

लेखनिक लिहायचा थांबला होता. बाईंनी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "लिहा." मग अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "नकाशात ही खोली नाही. किल्ली?"

किल्ली हरवली होती. त्यांनी कुलूप तोडायला लावलं. आत गेल्यावर काही भयंकर दिसेल अशी मी तयारी केली होती. तसं काहीच नव्हतं. रिकामी न्हाणी, एक बादली, आणि तीन भिंती शेवाळलेल्या. चौथीला नवा चुना, तोही माणसाच्या उंचीपर्यंतच. वर पुन्हा शेवाळ. त्या पांढऱ्या चौकोनासमोर आम्ही उभ्या राहिलो आणि मला असं वाटलं की आत आणखी कुणीतरी आहे, ज्याला आम्ही बघत नाही आणि जो आम्हाला बघतोय. थंडी असेल. वय असेल. पण वकिलीणबाईही माझ्या अंगाला अंग लावून उभ्या होत्या, आणि वर्गात त्या कशालाच घाबरत नसत.

पुढचं सगळं कागदोपत्री आहे. प्रयोगशाळेच्या लोकांनी चुना खरवडला, खाली रक्त निघालं. हवालदाराने दुसऱ्या दिवशी स्वतःहून जबाब दिला. कुणी मारलं, कुणी पाय धरले, कुणी दार लावून घेतलं, आणि पहाटे मेलेल्याला वळणावर कुणी नेलं, सगळं. स्वतःचं नावही त्यात घातलं. पाय त्याने धरले होते.

चौकशीचा अहवाल आला तेव्हा चौकी बंद झाली होती, पण उभी होती. बायको माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, तेवढंच वाचा. पन हितं नाय. तितं."

आम्ही दोघी गेलो. दुपारची वेळ, रस्ता मोकळा. न्हाणीच्या दाराशी उभं राहून मी ते वाक्य आधी इंग्रजीत वाचलं, कारण तसंच लिहिलं होतं. मग मराठीत सांगितलं, "तुझा नवरा पोलिसांच्या ताब्यात असताना, चौकीच्या मागच्या न्हाणीत, मारहाणीने मेला."

"पुन्यांदा," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं.

तिने घरच्या आंब्याची डहाळी पदराखाली धरून आणली होती. ती तिने दाराशी ठेवली, टाकली नाही, ठेवली. त्यावरून हात फिरवला. मग उभी राहून, घरी कुणाला जेवायला हाक मारावी तशा साध्या आवाजात म्हणाली, "चल रे."

वाडीची वाट रस्त्यापासून वर चढते. माझे गुडघे पूर्वीसारखे नाहीत, पण निम्म्यापर्यंत तिला सोबत करायचं मी ठरवलं होतं.

"तुमी म्होरं चला," ती म्हणाली. "आनि मागं बगू नका, बाई. काय झालं तरी."

मी पुढे चालले. वाळलेल्या पानांवर तिची पावलं वाजत होती, चपलांची, हलकी. थोडं वर गेल्यावर तिच्या मागे दुसरी वाजू लागली. अनवाणी, जड, पाय दुखत असल्यासारखी, थांबत थांबत येणारी. ती थांबली की बायकोही थांबायची. "ये सावकास," असं तिने एकदा म्हटलेलं मी ऐकलं. ते मला नव्हतं.

मी मागे पाहिलं नाही. निम्म्या वाटेवर कडेच्या दगडावर बसले, तोंड दरीकडे करून, आणि ती पावलं माझ्या पाठीमागून वर निघून गेली.

खटला अजून चालू आहे. हवालदारासकट सगळे निलंबित आहेत, पण साक्षी व्हायच्या आहेत, वरच्यांचे वकील मोठे आहेत. बायको प्रत्येक तारखेला जाते. तो घरी आला आहे, असं ती सांगते, आणि ती त्या जागी आता थांबत नाही. पण चौकी पाडली, न्हाणी पाडली, रस्त्याखाली गेली. म्हणून बाकीचे लोक टाकतात. निकाल लागेपर्यंत जागा कुणी पुसू नये, एवढ्यासाठी.

पुढच्या वेळी याल तेव्हा धाकटीच्या हातात मी डहाळी देईन. तुमच्या आईला मी समजावेन.