काच साफच होती

आधी मला वाटलं, लिंबू-मिरचीचा दोराच तो. दर शनिवारी सासूबाई माझ्या रिक्षाला नवीन लिंबू-मिरची बांधायच्या, काळ्या दोऱ्यात ओवून, आणि दोऱ्याचं टोक कापायच्या नाहीत, ते काचेसमोर लोंबत राहायचं. तर मला गाडी चालवताना उजव्या बाजूला सारखं काहीतरी काळं, बारीक, हलताना दिसायचं. मानपाडा रोडला सिग्नलवर थांबली की मी हात बाहेर काढून ते टोक तोडायची. टोक तुटायचं, पण काळं जायचं नाही. मग मी अख्खी लिंबू-मिरची काढून टाकली. मग बाप्पाच्या फोटोचा हार काढला. मग काचेच्या वरच्या बाजूला रंगीत पट्टी चिकटवलेली होती, ती ब्लेडने खरवडून काढली, नखांत गोंद गेला सगळा. तरी ते होतंच.

सासूबाईंनी बघितलं आणि गेटमधूनच ओरडल्या, "अगं, सगळं काढलंस? अशी उघडी गाडी घेऊन फिरतेस? लोकांच्या नजरा कशा असतात माहीत आहे ना तुला?"

"आई, त्याने समोरचं नीट दिसत नाही."

"आजपर्यंत दिसत होतं ते?"

रविवारी नवऱ्याला सुट्टी होती. तो एमआयडीसीत कंपनीत आहे. त्याने बादली घेतली, शाम्पू टाकला, काच आतून बाहेरून धुतली, पेपरने पुसली. "साफ आहे गं. माझं तोंड दिसतंय त्यात."

"मग ते काळं काय आहे?"

"कुठे? बोट लाव."

मी बोट लावायला गेली आणि ते पुढे सरकलं. परत बोट नेलं, परत सरकलं. काचेवरचा डाग असा पळत नाही. मी ओला फडका फिरवला, तर ते फडक्याच्याही पुढे गेलं. नवरा हसत होता, "काय, उडालं काय?"

मला शुगर लहानपणापासून. आठवीत वर्गात चक्कर येऊन पडली, तिथून सुया सुरू झाल्या आणि शाळा सुटली. लग्न ठरताना आमच्याकडच्यांनी लपवलं नाही, सांगूनच दिलं मला. मुलगी पोटात होती तेव्हा डॉक्टर सारख्या मागे लागायच्या, डोळे तपासून घे, डोळे तपासून घे, आणि मला वाटायचं, बाळ पोटात आहे, मध्येच डोळ्यांचं काय. मला खरंच कळत नव्हतं. डोळ्यांनी तर छान दिसायचं मला, सुईत दोरा मी एका फटक्यात ओवायची.

रिक्षा मी मुलगी बालवाडीत जायला लागल्यावर शिकली. आठवी पास नाही म्हणून आधी लायसन मिळत नव्हतं, मग सरकारने ती अटच काढून टाकली आणि मला मिळालं. भाडं मारायला लागतो तो बॅज पण मिळाला. ते कार्ड हातात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत बसलेली. माझा फोटो, माझं नाव. घरात माझ्या नावावर दुसरं काय होतं? सकाळी आमच्या आणि बाजूच्या बिल्डिंगमधली पोरं शाळेत सोडायची, माझी मुलगी पुढे मला चिकटून बसायची, दुपारी डोंबिवली स्टेशनवरून शेअरच्या सीटा. स्टँडवरचे आधी म्हणायचे, "वहिनी, रिव्हर्स मारून दाखवा." मग काही महिन्यांनी मलाच सांगायला लागले, "वहिनी, माझी जरा काढून देता का त्या गल्लीतून?"

कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. मॅडमनी थेंब टाकले, हनुवटी मशीनवर ठेवायला लावली, दोन्ही डोळ्यांत उजेड टाकून बघितलं. मग बोलल्या, "आत रक्त उतरलंय बाळा. शुगरने डोळ्यात कच्च्या नसा वाढतात, त्यातली एक फुटली." ठाण्याला लेझर करायला पाठवलं. हिरवा उजेड, परत परत, डोक्याच्या आतपर्यंत टोचल्यासारखा, आणि मी नवऱ्याचा शर्ट घट्ट धरून बसलेली. मॅडमनी सांगितलेलं, "ते काळं बाहेर नाही, तुझ्या डोळ्याच्या आत आहे. त्याच्याकडे सारखं बघत बसू नकोस, हळूहळू खाली बसेल. आणि मी सांगेपर्यंत गाडी नको."

गाडी नको हे मी ऐकलं. पण काळं थोडं कमी झालं, पोरांच्या आया फोन करायला लागल्या, ताई कधीपासून येताय, दुसऱ्या रिक्षावाल्याकडे पोरं रडतात, आणि मला वाटलं, शाळा तर इथे जवळच आहे. मी सकाळची तेवढी फेरी परत सुरू केली. मनाला शिकवलं, काळं दिसलं की तो डोळ्यातला डाग, त्याच्याकडे बघायचं नाही. सुरुवातीला मी डागाला घाबरून ब्रेक मारायची, पोरं पुढे आपटायची, "ताईऽऽ!" करून ओरडायची. मग सवय झाली. काळं आलं, जाऊ दे. काळं आलं, जाऊ दे.

त्या दिवशी शाळेच्या आधीच्या वळणावर उजवीकडून काळं आलं. मी नेहमीसारखं सोडून दिलं.

"आई! आई, आजी!"

मुलीने माझा हात ओढला म्हणून हँडल वळलं. रिक्षा फुटपाथला घासून थांबली. काळ्या लुगड्यातली एक म्हातारी, हातात दुधाची पिशवी, चाकाच्या इतक्या जवळ की तिच्या पिशवीतलं दूध माझ्या मडगार्डवर उडालेलं. ती इथल्या जुन्या गावातली होती. तिने काठी माझ्या काचेवर आपटली.

"डोले फुटले कं गो तुझे? पोरां घेऊन निंगालीस नि समोरचा मानूस दिसं नाय तुला?"

मी उतरली, तिचे पाय धरले. तिला कळेना ही बाई एवढी का रडते. शेवटी तीच बोलली, "जा गो, जा, पोरांची शाला चुकल." मागे एक पोरगी हुंदके देत होती. मी रिक्षा तिथेच लावली, सगळ्यांना हाताला धरून चालत शाळेत सोडलं, आणि नवऱ्याला फोन केला की येऊन गाडी घेऊन जा.

लायसन रिन्यूला त्याच महिन्यात आलेलं. धंद्याच्या लायसनला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. डॉक्टरने भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. डाव्याने मी अर्ध्यापर्यंत वाचली, उजव्याने वरचं मोठं अक्षर पण मला तुटक तुटक दिसलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, यावर मी सही नाही करू शकत."

दुसऱ्याच दिवशी स्टँडवरच्यांचे कागद करणारा एजंट घरी आला. आमच्या पलंगावर पाय दुमडून बसला, चहा घेतला. "वहिनी, टेन्शन कशाला? दुसरा डॉक्टर आहे आपला. तुम्हाला जायची पण गरज नाही. फोटो द्या फक्त."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या बोलल्या, "नाहीतरी ती आता सकाळचीच गाडी चालवणार. संध्याकाळी थोडीच?"

नवरा माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत होतं, ते कार्ड गेलं की मी कशी होईन. तो हळूच बोलला, "घेऊन ठेवूया गं. चालवायचं की नाही ते नंतर बघू. हातात तर असू दे."

मला ते हवं होतं. खोटं का सांगू, मी फोटो काढायला कपाटापर्यंत गेलेली. आणि तिथे उभी राहून मला कळलं की हातात असलं तर मी चालवणार. डोळा जरा बरा वाटला की चालवणार. मी मला ओळखते.

मी बाहेर आली आणि नवऱ्याला विचारलं, "तुम्ही बसवाल आपल्या पोरीला माझ्या रिक्षात?"

त्याने चहाचा कप उचलला, त्यात काही नव्हतं, तरी तोंडाला लावला.

एजंट उठला. "विचार करा वहिनी. मी आहेच."

"नको दादा," मी बोलली. एवढंच बोलता आलं.

लायसनची तारीख गेली. स्टँडवर माझ्यासारखीच एक बाई आहे, तिला आम्ही रिक्षा चालवायला दिली. पहिल्या दिवशी ती चावी घ्यायला आली तेव्हा तिलाच अवघडल्यासारखं झालं, सारखी म्हणत होती, "ताई, तुम्ही बऱ्या झालात की परत घ्या हां, मी लगेच सोडेन." मी तिला क्लच कुठे कडक लागतो ते दाखवलं. मग हसून घरात आली आणि बाथरूमचा नळ मोठा सोडला.

आता मुलगी त्याच रिक्षातून शाळेत जाते, पण मागे, बाकीच्या पोरांबरोबर. मी गेटपर्यंत सोडायला जाते. डाव्या डोळ्यातही परवापासून कायतरी बारीक हलतंय असं मला वाटतंय, ते मी अजून घरात बोलली नाही, पुढच्या आठवड्यात ठाण्याला डोळ्याचं इंजेक्शन आहे, तेव्हाच तिथल्या डॉक्टरांना सांगेन. रिक्षा निघते तेव्हा बाजूने सगळे छोटे छोटे हात बाहेर येतात, टाटा करतात. त्यातला माझ्या पोरीचा कुठला ते मला दिसत नाही. म्हणून मी सगळ्यांनाच करते, रिक्षा वळून जाईपर्यंत, आणि ती वळली की नाही तेही नीट कळत नाही, म्हणून अजून थोडा वेळ.