गाडी याकूबभाई चालवत नव्हते

गाडी सुरू करण्याआधी याकूबभाई खाली वाकून चारही चाकांखाली बघत. जेद्द्यात ऑफिसच्या पार्किंगमध्ये बघत, पेट्रोल पंपावर बघत, आणि भर उन्हात मी आत बसून घामाघूम झालो असलो तरी बघत. एकदा मी वैतागून विचारलं, "काय हरवलंय तुझं?" तर गुडघ्यावरची धूळ झटकत म्हणाले, "मांजर असतं, साहेब. घोरपड असते. त्यांना सावली दिसते, गाडी दिसत नाय."

मी तेव्हा त्यांना अरे-तुरे करत असे. ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे होते, तरी ते ड्रायव्हर आणि मी इंजिनीयर, एवढं कारण मला पुरत होतं. आता लिहिताना तसं लिहवत नाही.

याकूबभाई रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचे. वडील गलबतावर तांडेल होते, म्हणजे गलबताचे प्रमुख. स्वतः याकूबभाईही लहान वयात दोन-तीन हंगाम खलाशी म्हणून गेले. मग गलबतं बंद पडली आणि ते सौदीत आले. मी नाशिकचा. जेद्द्यातल्या एका सल्लागार कंपनीत रस्त्यांचं काम बघत होतो. कंपनीला तांबड्या समुद्रातल्या फरसान बेटावर नव्या रस्त्याची पाहणी मिळाली, आणि त्या बेटावर आधी काम केलेला एकमेव ड्रायव्हर म्हणून याकूबभाई माझ्याबरोबर आले.

"नाव ऐकून भूक लागेल," जिझानहून बोट सुटल्यावर ते म्हणाले, "पण पोचल्यावर खायला मासळीशिवाय काय नाय. डबा संपवू नका."

बेट पाहून माझी निराशा झाली. समुद्रातून वर आलेल्या जुन्या पोवळ्याची पांढरट, खडबडीत जमीन, तिच्यावर छातीएवढ्या बाभळी, निष्पर्ण गुग्गुळ, आणि अंगाला चिकटणारी दमट हवा. कागदांवर मात्र 'वन' असं लिहिलेलं. "याला जंगल म्हणायचं?" मी हसलो. याकूबभाईंनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. "साहेब, कोकणात जंगल बघायला मान वर करावी लागते. इथं खाली घालावी लागते."

त्यांनी मला एका घळीत उतरवलं. दगडाच्या भेगेत चौधारी हिरवी वेल होती. "ही बघा, आपली कांडवेल. माझी आई हाड मोडलं की हीच बांधायची." पुढं बाभळीखाली वाळूत हरणांच्या खुरांचे छोटे ठसे, लेंड्या, आणि एका फांदीला घासून सोललेली साल. घळ संपते तिथे किनाऱ्यावर तिवरांची झाडी सुरू झाली. ओहोटीच्या चिखलात मुळं वर काढून उभी असलेली तिवरं पाहून मला काहीच वाटलं नाही, पण याकूबभाई बराच वेळ तिथेच उभे राहिले. "सगळी दुनिया फिरून बघा," ते म्हणाले, "तिवराचा वास बदलत नाय." एका खडकावर कैकराचं, म्हणजे मासे पकडणाऱ्या घारीचं, घरटं होतं, उघड्यावर, हात पुरेल इतक्या उंचीवर. मी कॅमेरा काढला तर ते मध्ये उभे राहिले. "इथनंच. जवळ गेलात तर आई उडेल आणि ऊन पिल्लावर पडेल."

त्या बेटावर हरणांची एक जात आहे, लहान चणीची, मातकट रंगाची. रस्ता त्यांच्या चरण्याच्या जागा टाळून न्यायचा होता, म्हणून आम्हाला त्यांची वाट समजून घ्यायची होती. पहाटे उजाडताना आम्ही इंजिन बंद करून बसत असू. बाभळींमधून ती एकेक करून येत, दव चाटत, कोवळा पाला खात, आणि ऊन चढायच्या आत नाहीशी होत. याकूबभाईंना त्यातली काही ओळखू येत. एकीला ते 'वहिनी' म्हणत, कारण ती नराच्या पुढे चाले. एकीचं शिंग वाकडं होतं, तिचं नाव 'तलाठीण'. "ती सगळ्यांच्या जमिनीत फिरते," हे स्पष्टीकरण. मी हसलो की ते खूश होत. नकाशावर मी रेघ मारायचो आणि ते वाकून बघायचे. "हिथं नको, साहेब. हिथनं ती समुद्राकडं जातात. वळण द्या." मी वळण देत असे. त्या तीन आठवड्यांत माझ्या रस्त्याला सात वळणं पडली आणि सातही त्यांची होती.

त्यांची एक सवय मात्र मला समजली नव्हती. चौकीवर पोलीस आला की ते गप्प. अरबी त्यांना उत्तम येई, माझी अरबी म्हणजे सलाम आणि शुक्रन. तरी पोलीस काही विचारी आणि हे माझ्याकडे बघत बसत. मी नाशिकच्या उच्चारात सलाम करी, पोलीस हसे, मगच हे तोंड उघडत.

"अरे, तुला भाषा येते, तू बोल ना सरळ!"

"येते. पण तांडेल तुम्ही. बंदराला लागल्यावर आधी तांडेल बोलतो, मग खलाशी. खलाशानं आधी तोंड उघडलं तर वरचा माणूस समजतो, तांडेल काहीतरी लपवतोय."

"ही गाडी आहे, गलबत नाही."

"दोन्ही बुडतात, साहेब."

शेवटच्या दिवशी आम्हाला सकाळची बोट गाठायची होती. मुलाची बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर होती, संध्याकाळी जेद्द्यात त्याच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं, आणि मी तिथे पोचतो असं बायकोला सांगून बसलो होतो. उजाडत होतं. याकूबभाई गाडी चालवत होते बैलगाडीच्या वेगानं.

"यल्ला, याकूब! बोट जाईल."

"ही वेळ त्यांची हाय, साहेब. पाव तास द्या. ऊन आलं की रस्ता आपला."

मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणालो, "उतर. मी चालवतो." कंपनीच्या गाडीसाठी चालकाच्या नावाचं अधिकारपत्र लागतं, त्याला तिथे तफवीद म्हणतात. ते याकूबभाईंच्या नावाचं होतं. माझ्या नावाचं नव्हतं. त्यांनी एवढंच म्हटलं, "तफवीद..." मी म्हणालो, "इथे कोण बघतंय?" ते उतरले, वळसा घालून माझ्या बाजूला येऊन बसले आणि पट्टा लावला.

वेग किती होता हे मला नक्की आठवत नाही. जास्त होता. डावीकडच्या बाभळींतून हरणी निघाली तेव्हा याकूबभाई "साहेब!" म्हणून ओरडले आणि त्याच क्षणी धक्का बसला.

हरीण मेलं नव्हतं. मागचे दोन्ही पाय मोडले होते आणि ते पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न करत होतं. पुन्हा पुन्हा. आवाज काहीच करत नव्हतं. मी गाडीच्या दाराला धरून उभा होतो. म्हणालो, "याकूब, काहीतरी कर. मला बघवत नाही."

हे वाक्य माझं आहे. ते कुठल्याही कागदावर नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मासळी साफ करायची सुरी त्यांच्या पिशवीत असे. ते गुडघ्यावर बसले, हरणाच्या डोळ्यांवर तळहात ठेवला, अल्लाचं नाव घेतलं आणि एका हातानं ते संपवलं. मग तसेच बसून राहिले.

वनरक्षकाची जीप तेव्हाच आली. त्याला काय दिसलं असेल हे मी इतक्या वर्षांत हजारदा पाहिलं आहे. गळा चिरलेलं संरक्षित हरीण, हातात रक्ताळलेली सुरी घेतलेला ड्रायव्हर, आणि बाजूला स्वच्छ शर्टातले साहेब. त्यानं गाडीची कागदपत्रं मागितली, त्यावरचं नाव वाचलं आणि याकूबभाईंना काहीतरी विचारलं. याकूबभाई बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यानं पुन्हा विचारलं, आवाज चढवून. ते माझ्याकडेच बघत होते. मी बोलण्याची वाट बघत होते.

मला अरबी येत नव्हती ही सबब मी पुष्कळ वर्षं वापरली. पण स्वतःच्या छातीवर बोट ठेवायला भाषा लागत नाही. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. विनातफवीद गाडी, संरक्षित प्राणी. नोकरी गेली, इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना गेला, दोन महिन्यांवर परीक्षा आणि सगळं घर विमानात. जेद्द्याला पोचलो की ऑफिसमार्फत पत्र देऊ, समजावून सांगू, असं मी स्वतःला सांगितलं. मी खाली बघितलं. त्यानंतर याकूबभाई बोलले, घाईघाईनं, बरंच काही. पण तोवर वनरक्षक ऐकायचा थांबला होता.

जिझानच्या कोठडीतून त्यांनी मला दोनदा फोन केला. पहिल्यांदा विचारलं, "साहेब, बोललात का तुम्ही?" मी म्हणालो, "प्रयत्न चालू आहेत." दुसऱ्यांदा त्यांनी ते विचारलंच नाही. म्हणाले, "ती वळणं नकाशात ठेवली ना? कोणी सरळ करायला सांगितलं तर करू नका." आणि जरा थांबून, "तलाठीण होती ती. तुम्ही शिंग बघितलंत?" मी बघितलं होतं. म्हणालो, "नाही."

कंपनीनं माझ्याकडून घटनेचा अहवाल मागितला. एक पान. मी लिहिलं, 'वाहन अधिकृत चालकाच्या ताब्यात होते.' कागदोपत्री ते खरंच होतं. असं वाक्य जुळवायला मला सबंध दुपार लागली आणि जमलं तेव्हा, लाज वाटते सांगायला, मला हायसं वाटलं. मॅनेजरनं वाचून मान हलवली. "खलास," तो म्हणाला. आठवड्याभरात याकूबभाईंच्या बोटांचे ठसे घेऊन त्यांना कायमचं परत पाठवलं. सत्तावीस वर्षं ते या देशात होते. जेद्द्यातल्या खोलीवरचं त्यांचं सामान त्यांच्या गाववाल्यांनी बांधलं. मी गेलो नाही.

मुलगा बारावी चांगल्या मार्कांनी पास झाला. पुढं इंजिनीयर झाला. आज तो जेद्द्यातच नोकरी करतो आणि मी त्याच्याकडे राहतो. हे सगळं मी त्याला गेल्या वर्षी सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, व्हाय आर यू टेलिंग मी धिस नाउ?"

सांगायचं कारण असं की गेल्या वर्षी याकूबभाई वारले. त्यांच्या गावचा एकजण मला एका हॉटेलात भेटला. सहज बोलता बोलता म्हणाला, "तो हरीणवाला याकूब ना? गेला बिचारा. मन लई मोठं, पण मटणाच्या नादानं नोकरी घालवली." गावात ही गोष्ट अशी पोचली होती. जो माणूस हरणांना सावली मिळावी म्हणून आपली गाडी उन्हात लावायचा, त्याची ओळख गावात अशी राहिली होती.

मी नंबर मिळवून त्यांच्या पत्नीला, खतिजावहिनींना फोन केला. नाव सांगितलं. मग एका दमात सांगून टाकलं, की गाडी मी चालवत होतो, सुरी चालवायला मी सांगितलं, विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो.

 

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "पण मला कशाला सांगता? माझ्या घरात त्यांना कोणी खोटं मानलं नव्हतं. ज्यांनी मानलं त्यांना जाऊन सांगा."

"ते तुम्हाला काय म्हणाले होते, वहिनी? माझ्याबद्दल?"

"म्हणायचे, साहेबाचं पोर परीक्षेला होतं." आणि मग, आवाज जराही न चढवता, "आमचीही होती, भाऊ. मुलगी. दहावीला."

हे मला माहीत नव्हतं. तीन आठवडे एका गाडीत बसून मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

ज्यांनी मानलं त्यांना सांगायला मी निघालो. कंपनी केव्हाच बंद पडली आहे. मॅनेजर कुठल्या देशात आहे, आहे की नाही, कोणाला ठाऊक नाही. मुलाचं न ऐकता मी जिझानला गेलो, बोटीनं बेटावर गेलो. वनखात्याच्या ऑफिसात एक तरुण अधिकारी होता. इंग्रजी छान बोलत होता. त्यानं मला खुर्ची दिली, कहवा दिला, खजूर पुढं केले, आणि सगळं ऐकून घेतलं. मग संगणकावर नाव शोधलं. इतकं जुनं तिथे काही नव्हतं. तो वनरक्षक निवृत्त होऊन वारला होता.

"माझा जबाब लिहून घ्या," मी म्हणालो.

"कुठल्या प्रकरणात, अंकल?" त्यानं खरोखरच विचारलं. "प्रकरणच नाही. तो माणूस आता नाही, तुम्हाला कोणी आरोपी केलेलं नाही. खलास. तुम्ही आराम करा." त्याच्या आवाजात दया होती. मला दया नको होती, कागद हवा होता. तो त्याच्याकडे नव्हता.

परतीच्या टॅक्सीतून मी रस्ता बघितला. बरीच वळणं सरळ झाली आहेत. दोन शिल्लक आहेत. कोणती, ते मी टॅक्सीवाल्याला सांगायला गेलो, पण तो फोनवर बोलत होता.

म्हणून हे इथे लिहितो, दुसरी जागा मला सापडलेली नाही. त्यांच्या गावात हे कोणी वाचलं तर कृपा करून मोठ्यानं वाचावं. त्या सकाळी गाडी मी चालवत होतो. तफवीद माझ्या नावाचं नव्हतं. याकूबभाई माझ्या उजव्या बाजूला पट्टा लावून बसले होते आणि त्यांनी मला हळू चालवायला सांगितलं होतं. हरीण माझ्या गाडीखाली आलं. सुरी त्यांनी माझ्या सांगण्यावरून चालवली. वनरक्षकानं विचारलं तेव्हा मी शुद्धीवर होतो, अरबी न येताही मला प्रश्न समजला होता, आणि मी उत्तर दिलं नाही.